वडिलांना कर्करोगाच्या औषधचाचणीत सहभागी होण्याविषयी विचारले आहे. होकार द्यावा का?

सीनाकाठ

नमस्कार. गेले पंधरा दिवस आमच्या घरात एका विषयावर रोज बोलणे होते आणि रोज ते अर्धवट राहते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे या अपेक्षेने तो विषय येथे सविस्तर मांडत आहे.

माझे वडील 61 वर्षांचे असून सोलापूर जिल्ह्यात आमची शेती आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गालाच्या आतील बाजूस झालेल्या गाठीचे ऑपरेशन झाले आणि त्यानंतर रेडिएशनचे शेक घेतले. वर्षभर प्रकृती चांगली होती. आता मानेत पुन्हा गाठ आली आहे आणि फुप्फुसातही काही ठिपके दिसत आहेत. पुन्हा ऑपरेशन करण्यासारखी स्थिती नाही, आजार पूर्ण बरा होईल असे सांगता येणार नाही, परंतु तो आटोक्यात ठेवून त्रास कमी करण्याचे उपचार करता येतील, असे डॉक्टरांनी आम्हा भावांना बाजूला घेऊन सांगितले.

त्याच भेटीत त्यांनी एका चाचणीची माहिती दिली. या स्थितीतील रुग्णांना सध्या ज्या गोळ्या दिल्या जातात, त्या एका गटाला मिळतील. दुसऱ्या गटाला त्याच गोळ्या आणि त्यांच्या जोडीला एक नवे इंजेक्शन मिळेल. कोणता रुग्ण कोणत्या गटात जाईल हे डॉक्टर ठरवणार नाहीत, संगणक ठरवेल. त्यांनी चौदा पानांचे मराठी माहितीपत्रक आणि संमतिपत्र घरी नेण्यास दिले आहे. पुढची तारीख नऊ दिवसांनी आहे.

आमच्यापुढील अडचणी अशा आहेत. इंजेक्शन चांगले असेल तर ते सर्वांना का देत नाहीत, आणि चांगले आहे की नाही हे ठाऊकच नसेल तर माझ्या वडिलांना का द्यायचे, याचे उत्तर मला सापडत नाही. अण्णा जुन्या गोळ्यांच्या गटात गेले तर आपण त्यांच्या हक्काचे काही गमावले असे आयुष्यभर वाटत राहील. चुलते म्हणतात की गरिबांवर प्रयोग करण्याचाच हा प्रकार आहे आणि कागदावर अंगठा उठवला की संपले.

शेवटची अडचण सर्वांत अवघड आहे. अण्णांना आम्ही ‘कर्करोग’ हा शब्द अजून सांगितलेला नाही. ‘गाठ होती, काढली, पुन्हा थोडी आली आहे’ एवढेच त्यांना माहीत आहे. माहितीपत्रकाच्या पहिल्याच ओळीत आजाराचे नाव आहे. थोरल्या बंधूंचे म्हणणे आहे की सही आपणच करून टाकावी.

नोंदवही

मी मुंबईत अकरा वर्षे कर्करोगाच्या चाचण्यांमध्ये समन्वयक म्हणून काम केले आहे. संमतिपत्र पुढ्यात ठेवून बसलेली अनेक कुटुंबे मी जवळून पाहिली आहेत आणि आपण विचारलेले प्रश्न त्यांतील बहुतेकांनी विचारलेले आहेत. आपल्या वडिलांची चाचणी कोणती हे मला माहीत नाही, म्हणून तिच्याविषयी मत देणार नाही; मात्र आपल्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे देता येतील.

चाचणी सुरू करण्याची परवानगी मिळते ती नवा उपचार जुन्यापेक्षा सरस आहे की नाही याविषयी जाणकारांमध्ये खरोखरच अनिश्चितता असते तेव्हाच. डॉक्टरांना आशा असते. पण आशा आणि ज्ञान यांत किती अंतर असू शकते हे आपण सर्वांनी 2020 साली अनुभवले आहे. कोविडच्या रुग्णांसाठी प्लाझ्मा, म्हणजे त्यातून बरे झालेल्यांच्या रक्तातील द्रवभाग, मिळावा म्हणून लोक रात्री-बेरात्री दूरध्वनी करीत होते, बरे झालेल्यांचा शोध घेत होते, आणि आम्हा वैद्यकीय क्षेत्रातील लोकांनाही वाटत होते की याचा उपयोग होत असणार. त्याच वर्षी एप्रिल ते जुलैदरम्यान भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशातील 39 रुग्णालयांत 464 रुग्णांवर चाचणी घेतली. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत प्लाझ्मा दिला, उरलेल्यांना केवळ नेहमीचे उपचार दिले. आजार गंभीर होण्याच्या वा मृत्यूच्या प्रमाणात प्लाझ्माने फरक पडला नाही. 2021 च्या मे महिन्यात तो अधिकृत उपचारसूचीतून वगळण्यात आला. चाचणी झाली नसती तर आपण आजही प्लाझ्मासाठी धावत राहिलो असतो.

आता याच्या उलट घडलेले एक उदाहरण पाहू, आणि तेही आपल्या वडिलांच्या आजाराच्या अगदी जवळचे आहे. निव्होलुमॅब नावाचे इम्युनोथेरपीचे, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणारे, औषध डोके व मानेच्या कर्करोगात उपयोगी आहे हे परदेशात सिद्ध झाले होते, परंतु पूर्ण मात्रेचा खर्च आपल्याकडच्या फार थोड्या रुग्णांना झेपतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी विचारले की नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या भागाहूनही कमी, म्हणजे दर तीन आठवड्यांनी केवळ 20 मिलिग्रॅम औषध दिले तर काही लाभ होईल का. बरे होण्याच्या पलीकडे गेलेल्या 151 रुग्णांची त्यांनी चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी केली. एका गटाला मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब ही औषधे तोंडावाटे दिली. दुसऱ्या गटाला तीच औषधे आणि जोडीला ते अल्प मात्रेचे इंजेक्शन. एक वर्षानंतर पहिल्या गटातील 16.3 टक्के रुग्ण हयात होते, तर दुसऱ्या गटातील 43.4 टक्के. हे निष्कर्ष 2022 साली प्रसिद्ध झाले. इतकी कमी मात्रा वाया जाईल असे मानणारेही जाणकार होते, आणि चाचणीपूर्वी त्यांचे म्हणणे खोडून काढण्यासारखे कोणाजवळही काही नव्हते.

डॉक्टरांनी स्वतः गट का निवडू नये, हेही लक्षात घ्यावे. एखाद्या सहृदय डॉक्टरच्या हाती निवड सोपवली तर तो नकळत धडधाकट रुग्णाला नवे औषध देईल, कारण ते त्याला सोसेल असे वाटेल; किंवा याउलट, सर्वांत अत्यवस्थ रुग्णाला ते देईल, कारण त्याच्यासाठी दुसरे काही उरलेले नसेल. दोन्ही प्रकारांत शेवटी जो फरक दिसेल तो औषधाचा की मुळातल्या प्रकृतीचा हे कधीच कळणार नाही. 1948 साली ब्रिटनमध्ये क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनची जी चाचणी प्रसिद्ध झाली, तिच्यात याच कारणासाठी वाटणी डॉक्टरांच्या हातून काढून घेण्यात आली होती. औषधाचा साठाच इतका अपुरा होता की सर्वांना ते देणे शक्य नव्हते. सहा महिन्यांनी औषध मिळालेल्या 55 रुग्णांपैकी 4 दगावले होते, केवळ विश्रांतीचा उपचार मिळालेल्या 52 पैकी 14. आणि हे कळण्यास एवढे थोडे रुग्ण पुरले, ते वाटणी निरपेक्ष होती म्हणूनच.

तेव्हा जुन्या गटात जाणे म्हणजे फसवणूक असे समजू नये. त्या गटातील रुग्णाला मिळणारा उपचार चाचणीबाहेर राहिल्यास मिळणाराच असायला हवा, त्याहून कमी नव्हे. ‘चाचणीत भाग घेतला नाही तर अण्णांना नेमके कोणते उपचार मिळतील’ हा प्रश्न डॉक्टरांना सर्वांत आधी विचारावा, आणि ते जे सांगतील ते माहितीपत्रकातील जुन्या गटाच्या वर्णनाशी ताडून पाहावे. दोन्ही जुळले नाहीत तर पुढे जाऊ नये.

सहीविषयी थोडक्यात सांगते, कारण यावर इतरही बोलतील. आपले वडील शुद्धीवर असून त्यांना समजते-उमजते. त्यांची सही अन्य कोणीही करू शकत नाही. कोणी ती चालवून घेत असेल तर त्या ठिकाणी चाचणीत सहभागी होऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

तेरणाकाठची

‘नोंदवही’ ताईंनी औषधांच्या चाचण्यांविषयी लिहिले. मी धाराशिव जिल्ह्यातील असून प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काम करते, त्यामुळे निदानाच्या चाचण्यांविषयी लिहावेसे वाटते. प्रश्नकर्त्यांना ते थोडे आडवळणाचे वाटेल, पण शेवटी मी त्यांच्याच प्रश्नाकडे येणार आहे.

आमचा जिल्हा उस्मानाबाद या नावाने ओळखला जात असताना, 1999 ते 2003 या काळात, येथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी एक फार मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो मिळून केला. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांचा त्यात समावेश होता. येथे एकेका स्त्रीची वाटणी केली नव्हती. गावांचे 52 समूह पाडून त्यांची चार गटांत वाटणी केली होती. एका गटातील स्त्रियांची एचपीव्ही या हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची तपासणी झाली, दुसऱ्यात पेशींची तपासणी, तिसऱ्यात ॲसेटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी. चौथ्या गटातील स्त्रियांना आजाराची माहिती देण्यात आली, परंतु तपासणी करण्यात आली नाही.

माझी आई एचपीव्ही तपासणीच्या गटातील गावात राहत होती आणि मावशी, तिची सख्खी बहीण, तपासणी न झालेल्या गावात. दोघींचेही पुढे चांगले झाले, पण ही गोष्ट मला मोठेपणी कळली तेव्हा पोटात कालवाकालव झाली होती. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, 2009 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एचपीव्ही तपासणीच्या गटात या कर्करोगाने 34 मृत्यू झाले, तपासणी न झालेल्या गटात 64. दोन्ही गटांतील स्त्रियांची संख्या साधारण सारखी होती. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू निम्म्यावर आले. अन्य दोन तपासण्यांनी मात्र लक्षणीय फरक पडला नाही.

चौथ्या गटाबद्दल पुढे गंभीर आक्षेप घेतले गेले. तपासणीचा उपयोग होतो हे जगात अन्यत्र ठाऊक असताना एवढ्या स्त्रियांना तिच्याविना का ठेवले, असे विचारले गेले. भारतात त्या वेळी सर्वसाधारण स्त्रीला कोणतीच तपासणी मिळत नव्हती, म्हणून तुलना तिच्याशीच व्हायला हवी होती, असे संशोधकांच्या बाजूने सांगण्यात आले. मी दोन्ही बाजू पुष्कळदा मनात घोळवल्या आहेत. गरीब देशांत कोणती तपासणी करावी या निर्णयासाठी जगाने आमच्या जिल्ह्याच्या आकड्यांचा आधार घेतला याचा मला अभिमान आहे, आणि मावशीच्या गावातील स्त्रियांना अभ्यास संपेपर्यंत थांबावे लागले याची खंतही आहे. या दोन भावनांचा मेळ मला आजवर घालता आलेला नाही.

निदानाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मी कामातून शिकले. क्षयरोगाच्या ज्या यंत्राला आमच्याकडे सर्वजण सीबीनॅट म्हणतात, त्याच्या मोठ्या पारखीचे निष्कर्ष 2010 साली प्रसिद्ध झाले, आणि ज्या पाच शहरांत ती पारख झाली त्यांत मुंबईही होती. थुंकीच्या साध्या तपासणीत जंतू दिसलेल्या रुग्णांपैकी 98 टक्क्यांहून अधिक रुग्णांचा आजार या यंत्राने दोन तासांत ओळखला. साध्या तपासणीत जंतू न दिसलेल्या रुग्णांतही एका नमुन्यावर सुमारे 72 टक्के ओळखले. एवढे अचूक यंत्र आले म्हणजे रुग्णांचे हाल आपोआप कमी होतील असे आम्हा सर्वांना वाटले. नंतर आफ्रिकेतील चार देशांत दवाखान्यांच्या पातळीवर चाचणी झाली तेव्हा दिसले की यंत्रामुळे अधिक रुग्णांना पहिल्याच दिवशी उपचार मिळाले, परंतु सहा महिन्यांनंतरच्या आजारपणात फरक पडला नाही, कारण यंत्र नसलेल्या ठिकाणीही डॉक्टर लक्षणांवरून आणि एक्स-रेवरून उपचार सुरू करीतच होते. औषधाला दाद न देणारा क्षय ओळखण्यासाठी मी हे यंत्र रोज वापरते आणि त्याचे मोल जाणते, पण ‘तपासणी अचूक आहे’ आणि ‘तपासणीमुळे माणसे वाचतात’ ही दोन वेगळी विधाने आहेत.

सीनाकाठ दादा, आता आपल्याकडे वळते. आपल्या माहितीपत्रकात ‘अभ्यासाचा मुख्य उद्देश’ असा परिच्छेद असेल. त्यात काय मोजले जाणार आहे ते पाहावे. रुग्ण किती काळ जगतो आणि त्याचे खाणेपिणे, झोप, वेदना यांत काय फरक पडतो हे मोजणार असतील, तर त्या प्रश्नाचा आपल्या अण्णांशी थेट संबंध आहे. स्कॅनमध्ये गाठ किती मिलिमीटरने आकसली एवढेच मोजणार असतील, तर त्याचाही उपयोग असतो, पण गाठ लहान होणे म्हणजे आयुष्य वाढणे असे गृहीत धरू नये.

सनद

मी वकिली करतो आणि काही वर्षे चाचण्यांना मान्यता देऊन रुग्णांचे हित जपणाऱ्या एका नीतिशास्त्र समितीवर बाहेरचा सदस्य म्हणून बसलो आहे. आपल्या चुलत्यांच्या भीतीला कोणी अडाणीपणा म्हणू नये, अशी माझी प्रथम विनंती आहे. 2009-10 मध्ये आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यात मुलींना एचपीव्ही लस देण्याचा जो प्रकल्प झाला, त्यात खम्ममच्या अनेक आदिवासी मुलींच्या संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. काही मुलींच्या मृत्यूनंतर प्रकल्प थांबवण्यात आला. ते मृत्यू लसीमुळे झाल्याचे चौकशीत आढळले नाही, लसही आज जगभर दिली जाते; परंतु संमती ज्या रीतीने घेतली गेली तिच्यावर संसदेच्या समितीने 2013 साली कठोर ताशेरे ओढले. लस चांगली असल्यामुळे त्या सह्या वैध ठरत नाहीत. आपले थोरले बंधू वडिलांऐवजी सही करण्याचा विचार करीत आहेत, तेव्हा त्यांना हा प्रसंग अवश्य सांगावा. हेतू प्रेमाचा आहे, हे मला कळते, पण कृती त्याच जातीची आहे.

त्याच सुमारास इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने औषधचाचण्यांविषयी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. न्यायालयाच्या दट्ट्यामुळे नियम बदलत गेले आणि 2019 च्या मार्चमध्ये नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचण्यांचे नियम लागू झाले. त्यांतील आपल्या उपयोगाचे तेवढे सांगतो.

चाचणीची नोंद सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदणीत असलीच पाहिजे. माहितीपत्रकावर ‘सीटीआरआय’ या अक्षरांपुढे वर्ष, महिना आणि एक क्रमांक असेल. ही नोंद कोणालाही विनामूल्य पाहता येते आणि तिच्यात प्रायोजक, म्हणजे चाचणी करवून घेणारी कंपनी वा संस्था, कोण, चाचणी कोणत्या रुग्णालयांत चालू आहे, नीतिशास्त्र समितीची मान्यता कधी मिळाली हे लिहिलेले असते. चाचणीमुळे इजा झाल्यास प्रायोजकाने वैद्यकीय उपचार विनामूल्य द्यावयाचे असतात, आणि इजा वा मृत्यू चाचणीशी संबंधित ठरल्यास त्याखेरीज भरपाई द्यावी लागते. गंभीर घटना घडल्यास प्रमुख संशोधकाने 24 तासांत औषध नियामकाला, प्रायोजकाला आणि नीतिशास्त्र समितीला कळवायचे असते. मूळ आजार बळावल्याने झालेल्या हानीला मात्र भरपाई लागू होत नाही. आपल्या वडिलांच्या आजारात हा भेद करणे प्रत्यक्षात कठीण जाते. ते आधीच ठाऊक असलेले बरे.

अंगठ्याविषयी. रुग्णाला वाचता येत नसेल तर संशोधकांशी संबंध नसलेला साक्षीदार संपूर्ण वेळ हजर असावा लागतो. रुग्ण दुर्बल परिस्थितीतील असेल आणि औषध सर्वस्वी नवा रासायनिक घटक असेल तर संमती घेण्याच्या संपूर्ण प्रक्रियेचे चित्रमुद्रण सक्तीचे आहे. सही केलेल्या कागदांची एक प्रत रुग्णाला मिळते आणि ती मागून घ्यावी. समितीच्या सदस्यसचिवांचा दूरध्वनी क्रमांक माहितीपत्रकावर असतो. सही करण्यापूर्वीही त्यावर शंका विचारता येते, पण समितीवर असताना मला असा एकही दूरध्वनी आल्याचे आठवत नाही. आपण करावा.

सीनाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. नोंदणी क्रमांक शोधून पाहिला, नोंद सापडली. मुख्य उद्देशात ‘एकूण आयुर्मान’ असे लिहिले आहे आणि वेदना व खाण्यापिण्याविषयीची प्रश्नावलीही आहे. चुलत्यांना खम्ममची हकिकत आणि 2019 चे नियम दोन्ही वाचून दाखवले. प्रथमच ते शांतपणे ऐकत होते.

सही अण्णांचीच हवी हे बंधूंनाही पटले आहे. अडले आहे ते सांगण्यापाशी. आमच्या आत्याला पोटाचा कर्करोग झाला तेव्हा कोणीतरी तिच्यासमोर शब्द उच्चारला आणि तिने त्या दिवसापासून अन्न सोडले, असे आमच्या घरात मानले जाते. अण्णांनीही तसेच केले तर काय, या भीतीने कोणाचीच जीभ रेटत नाही.

इंद्रायणीकाठ

मी आळंदीजवळ राहतो. माझ्या आईच्या स्तनाच्या कर्करोगाविषयी आम्ही तिच्यापासून चार महिने सर्व लपवले होते. रिपोर्टच्या पिशव्या माळ्यावर ठेवल्या, नातेवाइकांना दारातच बजावले, दवाखान्यातील फलक तिला दिसू नये म्हणून मागच्या दाराने नेले. अखेर मी धीर करून बोलायला बसलो तेव्हा तिने मला विचारले की शेजारच्या बाकावरच्या बाईचे केस गेले आणि माझेही गेले, तिला जे झाले तेच मला झाले असणार एवढे मला कळणार नाही का. चार महिने ती ते एकटीने सोसत होती आणि आम्हाला वाईट वाटू नये म्हणून गप्प होती. त्या चार महिन्यांची भरपाई मला करता आली नाही.

आपल्या अण्णांच्या चेहऱ्यावर ऑपरेशन झाले आहे आणि त्यांनी शेक घेतले आहेत. शेकाच्या विभागाबाहेर रोज बसणाऱ्या माणसांचे आपसांत काय बोलणे होते हे ज्याने ऐकले आहे, त्याला ‘साधी गाठ’ या शब्दांवर त्यांचा विश्वास बसला असेल असे वाटणार नाही.

सांगताना मला दोन गोष्टींचा उपयोग झाला. पहिली म्हणजे सुरुवात आपण न करता त्यांना करू द्यावी. ‘अण्णा, आजाराविषयी तुम्हाला काय वाटते’ असे विचारून थांबावे, आणि उत्तर येईपर्यंतची शांतता सहन करावी. दुसरी म्हणजे सर्व एकाच बैठकीत सांगण्याचा आग्रह धरू नये. ते जेवढे विचारतील तेवढ्याचे खरे उत्तर द्यावे. आत्यांविषयी एवढेच म्हणेन की पोटाच्या कर्करोगात अन्नावरची वासना जाते ती बहुधा आजारामुळेच; त्या दिवशी उच्चारलेल्या शब्दावर कुटुंबाने इतकी वर्षे जो दोष ठेवला, तो कदाचित त्याचा नसेलही.

सीनाकाठ

परवा संध्याकाळी बोललो. बंधू आणि मी, दोघेच होतो. ‘इंद्रायणीकाठ’ यांनी सांगितल्याप्रमाणे विचारून थांबलो. अण्णा बराच वेळ गोठ्याकडे पाहत बसले आणि मग म्हणाले, “तुम्ही दोघं नीट जेवत नव्हता, तेव्हाच मला कळलं होतं.” पुढे त्यांनी मोजकेच विचारले. बरे होणार का, या प्रश्नाला बंधूंनी ‘नाही, पण त्रास कमी ठेवता येईल’ असे उत्तर दिले. ते उत्तर देताना त्यांचा आवाज फुटला, अण्णांचा नाही.

माहितीपत्रक त्यांनी मागून घेतले. ते सातवीपर्यंत शिकलेले आहेत आणि रोज वर्तमानपत्र वाचतात. दोन दिवस ते चष्मा लावून चौदाही पाने वाचत होते आणि समासात पेन्सिलीने खुणा करीत होते. आज त्यांनी मला तीन प्रश्न लिहून घ्यायला लावले. दर खेपेला मुंबईला जायचे तर भाड्याचे काय. इंजेक्शन सोसले नाही आणि मध्येच सोडले तर डॉक्टर रागावतील का, पुढे औषध देतील का. आणि इंजेक्शनाने गुण आला, पण चाचणी संपली, तर ते पुढे मिळणार की बंद होणार. तिसरा प्रश्न आम्हा कोणाच्याही डोक्यात आला नव्हता. ‘नोंदवही’ ताईंनी शक्य असल्यास उत्तरे द्यावीत. शुक्रवारी निघायचे आहे.

नोंदवही

आपल्या अण्णांनी तिन्ही प्रश्न अगदी योग्य विचारले आहेत.

प्रवासखर्च बहुतेक चाचण्यांत दिला जातो, परंतु किती आणि कोणाचा हे त्या-त्या चाचणीवर अवलंबून असते. सोबत येणाऱ्याचे भाडे धरले आहे का, हे मुद्दाम विचारावे, कारण अशा प्रकृतीत ते एकटे येणार नाहीत. भेटींचे वेळापत्रक छापलेले असते, तेही मागावे. तीन-तीन आठवड्यांच्या भेटी कागदावर सोप्या दिसतात, पण मध्ये रक्ततपासण्या आणि स्कॅन असतात. रक्ततपासणी सोलापुरात करून अहवाल पाठवला तर चालेल का, हे विचारण्यास संकोच करू नये. काही ठिकाणी चालते.

चाचणी कोणत्याही क्षणी, कारण न सांगता सोडता येते, आणि सोडल्यामुळे नेहमीच्या उपचारांत कपात करता येत नाही. हे संमतिपत्रात लिहिलेलेच असते, तरीही अण्णांनी ते डॉक्टरांच्या तोंडून ऐकावे. एक विनंती मात्र करते. सोडायचे झाल्यास न कळवता येणे बंद करू नये, कारण काही औषधांचा त्रास थांबवल्यानंतरही उशिरा दिसतो आणि त्यावर लक्ष ठेवणे त्यांच्याच हिताचे असते.

तिसऱ्या प्रश्नाला नियमांत आधार आहे, पण सरसकट हमी नाही. औषधाचा रुग्णाला लाभ होत असेल आणि त्याच्यासाठी दुसरा पर्यायी उपचार नसेल, तर संशोधक तशी शिफारस करू शकतात, आणि नीतिशास्त्र समितीची मान्यता व रुग्णाची लेखी संमती असल्यास प्रायोजकाने ते चाचणीनंतरही विनामूल्य द्यावयाचे असते. म्हणून ‘या चाचणीत अशी तरतूद आहे का, आणि कोणत्या पानावर’ असे विचारावे. चौदा पानांत ती दिसली नाही, तर डॉक्टरांकडून उत्तर लेखी घ्यावे.

शुक्रवारी जाताना समासातल्या खुणांसह तेच माहितीपत्रक सोबत न्यावे, आणि प्रश्न आपण न विचारता अण्णांना विचारू द्यावेत.